भांडायची तयारी ठेव

ठमे, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे, आणि पाठीत एक धपाटाही.

मी बरी आहे. गोळ्या रोज घेते, सारखं विचारू नकोस. कानातले आवाज कधीमधी येतात, पण आता मीच त्यांना गप्प बसवते.

ज्या वॉर्डात मी पडून होते, तिथंच आता शेजारच्या वॉर्डातून बिनपगारी मदतीला जाते. तिथं सगळे पेशंटशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं गोड बोलतात. एक शिंपीण भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची, कुणाशी शब्द बोलायची नाही. काल मला काही राहवलं नाही. म्हटलं, "अगं बये, केसांचा पार खराटा झालाय, ऊठ की!" नर्सबाईनं डोळे वटारले. पण शिंपीण उठून बसली आणि म्हणाली, "तुझे तरी कुठं धड आहेत?" मग मी तिची वेणी घातली, तिनं माझी.

तेव्हापासून तुझाच विचार करतेय. फोनवर तू नुसतं "हो ताई, बरोबर ताई" करतेस. जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस, मग आताच काय झालं? मला घाबरतेस का? तुझी पोरंही घाबरतात का गं?

पुढच्या महिन्यात मला घरी सोडणार आहेत. माझा निळा स्वेटर घालून घालून तू कोपरात फाडलास, हे तुझ्या नवऱ्यानं सांगितलंय. मी आल्या आल्या ओरडणार आहे. तेव्हा मुळूमुळू रडू नकोस, चांगली उलटून बोल.

तुझी, अजून थोरलीच असलेली
ताई