गच्चीवरून काढलेली स्लाइड

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६, वाशी

ती स्लाइड आधीच बाजूला काढून ठेवायला हवी होती. विसरलो, की मुद्दाम राहू दिली?

लिबियात नोकरीला असताना मी, सुधीर आणि मोघ्या दोन दिवस ट्युनिसला गेलो होतो. तिथल्या जुन्या शहरात आम्ही दोघांनी गंमत म्हणून मोघ्याला चुकवलं आणि एका गच्चीवर जाऊन बसलो. खाली तो बायकोसाठी घेतलेलं पितळी ताट छातीशी धरून त्याच त्याच गल्ल्यांतून फिरत होता. तासाभराने आम्ही उतरलो, तर गळ्यात पडून रडला. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, या दोघांनी मला शोधायला अख्खं शहर पालथं घातलं.

आज आमच्याकडे प्रोजेक्टरवर जुन्या स्लाइड दाखवताना भिंतीवर तो तसाच, रडवेला, ताट छातीशी धरलेला. त्याच ताटात फराळ घेऊन आलेल्या मोघेवहिनींनी सहज विचारलं, "तुम्ही तर ह्यांना शोधत होतात ना? मग हा वरून फोटो कुणी काढला?"

मोघ्या उठला, चकल्या टेबलावर ओतल्या आणि रिकामं ताट उचललं.

सुधीर म्हणाला, "स्टॉपपर्यंत येतो."

"नको. सापडेल रस्ता."

आम्ही गॅलरीत गेलो. इथल्या बिल्डिंगी सगळ्या सारख्या. ताट छातीशी धरून तो पुढे, वहिनी मागे. स्टॉप डावीकडे, आणि तो उजवीकडे वळला.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. सुधीरने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना.