आमच्या गच्चीवरच्या टाकीचा गुन्हा आणि चार गुन्हेगारणी

महबूला, कुवेत
एप्रिल २००५

ती. उल्काताईस,

टाकीत रंग मीच टाकला. हे आधी लिहून मोकळा होतो, म्हणजे नमस्कार करताना मान ताठ राहील. तर आता शिरसाष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? पोरं माझ्यावर गेली नाहीत ना? (गेली असली तर मारू नकोस, हुशार निघतील.) मी मजेत. मामा म्हणतात, इथं येऊन अक्कल सोडून सगळं वाढलं. मामा पुण्याचे, त्यामुळे मी ते कौतुकात धरतो.

आता तुला वाटेल कुठली टाकी, कसला रंग. सांगतो. पत्ता कुवेतचा आहे म्हणून लगेच संगमरवर डोळ्यापुढे आणू नकोस. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मी यायच्या आधीच वारली. जिन्यात एसीचं पाणी गळतं, समोर गटार फुटलं की तळं होतं, आणि त्या तळ्यापलीकडं लांब एका मॉलचे दिवे दिसतात, तेवढीच आमची श्रीमंती. मी खालच्या बकाल्यात (म्हणजे आपलं किराणा दुकान) घरपोच सामान देतो. पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन जिने चढून चढून मला सगळ्या घरांची बित्तंबातमी असते. मामी हॉस्पिटलात नर्स, ती म्हणते, पेशंटचा रिपोर्ट यायच्या आधी तो नचिकेतला कळतो.

आमच्या समोरच्या दारात दोन अमेरिकन बायका राहतात, व्हर्नेल आणि रोशेल. काळ्या आहेत. (मामा पहिल्या दिवशी म्हणाले, "जरा जपून." कशापासून ते सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नसावं.) मिलिटरीच्या कॅम्पात एक भटारखान्यात कामाला, एक लाँड्रीत. दोघी बाल्टिमोर नावाच्या गावातल्या एकाच गल्लीतल्या. व्हर्नेल सांगते, तिथला कारखाना बंद पडला, मग दुकानांना फळ्या ठोकल्या, मग निम्म्या घरांना. पण दारापुढच्या पायऱ्यांवर बसणाऱ्या बायका काही उठल्या नाहीत. एक कामावर गेली की दुसरी तिची पोरं बघायची, तिसरी त्यांच्या वेण्या घालायची. आत्तासुद्धा रोशेलची पोरगी व्हर्नेलच्या आईकडे वाढते, आणि व्हर्नेलच्या आईचं डायलिसिस रोशेलची बहीण बघते. मी विचारलं, तुम्ही नात्यानं कोण? व्हर्नेल म्हणाली, "वी आर फ्रॉम द सेम स्टेप्स, बेबी." (मला ती बेबी म्हणते. मिशी वाढवून पाहिली, उपयोग नाही.)

इथं पायऱ्या नाहीत म्हणून गच्ची. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा उन्हं उतरली की व्हर्नेल, रोशेल, आमची शर्मिलामामी आणि खालच्या मजल्यावरची हैदराबादी फातिमा, जी शिवणकाम करते, अशा चौघी वर जातात. एकीमागे एक बसून वेणीफणी चालते. खोबरेल चांगलं की व्हर्नेलच्या डबीतलं मलम, यावर भांडण ठरलेलं. मामी कोकणातली, खोबरेलाबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात मामी तापानं फणफणली, मामा शुऐबाला प्लांटमध्ये अडकलेले, लिफ्ट मेलेली, तेव्हा व्हर्नेलनं तिला पाठुंगळीला घेऊन खाली नेलं होतं. वाटेत मामी तिला म्हणत होती, "रिलॅक्स, डीप ब्रेथ." आजारी कोण ते दोघींनाही आठवलं नसावं. तेव्हापासून मामी तिला व्हर्नेलबाई म्हणते आणि खोबरेलावरून फक्त तोंडदेखलं भांडते.

तर रंगपंचमी. ताई, तू नाशिकची, तूच सांग. रहाडीच्या रंगीत हौदात उड्या मारून वाढलेल्या पोरानं रंगपंचमीच्या दिवशी पाण्यानं भरलेली टाकी बघायची आणि हात खिशात ठेवायचे? गच्चीवर मोठ्या टाकीशेजारी एक छोटी टाकी आहे. ती फक्त हारूनच्या खोलीची, असा माझा पक्का समज. हारून म्हणजे आमचा हारिस (इथं बिल्डिंगच्या राखणदाराला म्हणतात), इजिप्तचा, मोडकंतोडकं हिंदी बोलतो आणि मला बघितलं की "फिर तू?" म्हणतो. त्याला एकदा गुलाबी बघायचा होता, बास. तू पाठवलेल्या पार्सलातला रंग सगळा ओतला आणि शांत झोपलो. छोटी टाकी मोठीला जोडलेली आहे हे मला कोणी सांगायला नको होतं का?

सकाळी अख्खी बिल्डिंग गुलाबी. मामीचा पांढरा युनिफॉर्म गुलाबी, मामांचं टक्कल गुलाबी, वरच्या मजल्यावरचा एक सरदारजी बाथरूममधून "खून! खून!" ओरडत जिन्यात. (प्यायला कॅनचं पाणी असतं, म्हणून पोटं वाचली.) हारून मात्र कोरा. तो शुक्रवारशिवाय अंघोळ करत नाही, हे मी विसरलो होतो.

इथवर मजा. मग हारूननं गच्चीला कुलूप घातलं आणि मालकिणीला फोन केला, की त्या अमेरिकन काळ्या बाईचं काम. का? तर आदल्या शुक्रवारी व्हर्नेलनं टाकीजवळ बसून रोशेलच्या केसांना लालसर रंग लावला होता. मालकीण म्हातारी, कडक. म्हणाली, जिनं केलं तिनं खोली सोडायची आणि गच्ची कायमची बंद. संध्याकाळी येते.

ताई, मी त्या दिवशी जेवलो नाही. (वडापाव खाल्ला, पण जेवलो नाही.) मी ठरवलं, सांगून टाकायचं. फार तर मामा तिकीट काढून देतील.

संध्याकाळी सगळे खाली जमले. मालकीण खुर्चीत. मी घसा खाकरला, तोच व्हर्नेल पुढं झाली आणि म्हणाली, हो, मीच, माझाच रंग सांडला. तेवढ्यात मामी तिला ढकलून पुढं. "नो नो मॅडम, माय कुंकू! ओन्ली माय कुंकू!" फातिमा मागून ओरडली, "अम्मा, दोनों झूट बोल रे, मेरी मेहंदी थी!" मग रोशेल, की माझा लाल ब्लाऊज मी टाकीत बुडवला. (टाकीत ब्लाऊज कशाला बुडवेल कोणी? पण इतक्या ठसक्यात बोलली की मलाही पटलं.) आणि मग चौघी एकमेकींवर तुटून पडल्या, तू खोटं बोलतेस, तूच बोलतेस. हारून मान इकडून तिकडे फिरवून दमला आणि शेवटी माझ्याकडं बघून म्हणाला, "तू भी?" मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला निघालो होतो, तर जागाच शिल्लक नव्हती.

म्हातारी इतकी हसली की बुरख्याच्या टोकानं डोळे पुसले. हारूनला अरबीत काहीतरी बोलली. त्याचा अर्थ तो सांगत नाही, पण त्यानं किल्ली काढली. टाकी साफ करायला कोणीतरी हवं होतं, तर मी हात वर केला. सगळ्यांनी मला शहाणा म्हटलं. मामा तर घाबरलेच.

आता टाकी चकचकीत, गच्ची उघडी, सगळं ठीक. थोरांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझाच,
नचिकेत

ता. क. : थालीपिठाची भाजणी पाठव. व्हर्नेलला आवडते. ती त्यावर सिरप ओतते, तिकडं लक्ष देऊ नकोस.

ता. क. दुसरा : पत्र लिहिलं ते खरं यासाठी. मामी येत्या शुक्रवारी तुला मसाल्यासाठी फोन करणार आहे. गप्पांत रहाडीचं नावसुद्धा काढू नकोस. कोकणातली असल्यानं तिला रहाड माहीत नाही, माहीत झाली की दोन मिनिटांत माझ्यापर्यंत पोचेल. आणि पार्सलात रंग होता का विचारलं, तर म्हण सुपारी होती.

ता. क. तिसरा : मार खायची भीती म्हणून नाही गं सांगत. टाकी घासत होतो तेव्हा व्हर्नेल वर आली, मला हळूच म्हणाली, शर्लाचं (म्हणजे मामीचं, शर्मिला म्हणायला तिला जमत नाही) ते पूजेचं लाल कुंकू पडलं होतं, मला माहीत होतं, म्हणून मी नाव घेतलं. खाली आलो तर मामी भांडी घासताना म्हणते, बिचारीचा रंग सांडला चुकून, परक्या मुलखात कुठं जाईल, म्हणून मी कुंकू म्हटलं. फातिमाला वाटतं रोशेलनं केलं, रोशेलला वाटतं फातिमानं. चौघी शुक्रवारी वेण्या घालताना एकमेकींकडं बघून गालात हसतात. प्रत्येकीला वाटतं, आपण हिला वाचवलं, आणि हिला कळलंसुद्धा नाही. मी खरं बोललो तर चौघींचं वाचवणं फुकट जाईल. म्हणून ताई, तुझ्या पाया पडतो, आईला नको, भाऊजींना नको, शेजारच्या काकूंना तर मुळीच नको, कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस.