टेकाबाईचे कान

चिचगड, मंडईनंतर, १९५४

बकारामदादा,

वर 'तीर्थरूप' लिहायले हात धजला नाही.

टेकाबाईचं सोंग माझं होतं. नाव माझं, काठी माझी, तिचं बोलणंही माझंच. पंचमीले माहेरी आली तेव्हा चुलीतल्या कोळशानं मी तिले भिंतीवर काढली, फक्त डोळे बाकी ठेवले. तूच म्हणाला, "शामकले, शिवणीच्या लाकडात हिची बाहुली कोरतो. ती पाहून दंडारीच्या खेळातले गडी सोंग सजवतील." मी हरखली. एवढंच म्हटलं, मी आल्याशिवाय डोळे करू नको.

भाऊबीजेले तुले ओवाळलं, बाहुली दाखव म्हटलं. "उद्या पाहशील," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडईच्या जत्रेत तू बाहुली उंच धरून सांगितलं, "हे सोंग माझ्या डोक्यातलं!" अन् तिले दोन टपोरे डोळे. लोक त्या डोळ्यांचीच तारीफ करून राहिले होते.

मग दंडारीच्या उस्तादानं विचारलं, "पण कान सुपाएवढे काऊन केले?"

तू बायांच्या गर्दीत मले शोधलं. मी तोंडात पदर धरून उभी राहिली.

टेकाबाई आंधळी आहे, दादा. साऱ्या गावाची लफडी ती कानानंच ओळखते, अन् भल्याभल्यांची फजिती करते. मी तिच्या फक्त मिटलेल्या पापण्या काढणार होती.

हे तुले समजलं तर उद्याच तू ते डोळे तासून टाकशील, अन् टेकाबाई पुरती तुझी होईल. म्हणून हे पत्र चुलीत घालून राहिली.

तुझी म्हणवत नाही,
शामकला