गळ्यात कासवाचा रुमाल

सिएना, इटली
(फुलसावंगीपासून कोणत्या दिशेले, ते मलेही नीट माहीत नाही. सूर्य मात्र तुमच्याकडून वापरून झाल्यावर इकडं येते.)

तीर्थस्वरूप देवीलालमामा आणि बिजलीमामी यायच्या पायावर भाचा जीवनचं डोकं. जय सेवालाल. मी इथं खुशाल आहे, तुमी सारे तांड्यावर खुशाल असाल. मामीचा गुडघा, तुमचा खोकला आणि लाल्या बैलाचा खांदा, तिघायची तब्येत कशी आहे ते कळवा (मामीले वाचून दाखवताना बैल वेगळा काढा). फोन सोडून पत्र काहून, असं तुमी म्हणाल. तर मामा, फोन तुमी स्पीकरवर ठेवता आणि सारा तांडा माह्या आवाजाभोवती शेकोटीसारखा बसते. हे फक्त तुमी दोघायनं वाचायचं आहे. सोनूच्या हाती देऊ नका, थो पोट्टा मनात वाचूच शकत नाही.

नयनची सोयरीक माह्याशी जोडायच्या आधी तिच्या बापानं, नेमसिंगबापूनं, तुमाले इचारलं होतं, पोराचं बूड कुठं टेकते काय, ते मी विसरलो नाही. त्यायचंही चुकत नाही. यवतमाळच्या हॉटेलातून मी पुण्याले पळालो, पुण्यातून हैदराबादले, तिथून दुबईले आणि दुबईतून इथं अंगूर तोडाले. (आठवीतूनही असाच पळालतो, पण तवा पगार नव्हता म्हणून थे कोणी धरत नाही.) दिवाळीपर्यंत एका जागी टिकला तर पुढचं बोलू, हा बापूचा शब्द, आणि मधात तुमची मान अडकलेली. म्हणून अंगूर सरले तसं मी ब्रुनामावशीच्या खानावळीत भांडे घासाचं काम धरलं. ब्रुनामावशी म्हणजे आपली बिजलीमामीच समजा, फक्त गोरी आणि (हेही वाचून दाखवू नका) कमी बोलणारी. काम चांगलं चालू होतं. माहं काम चांगलं चालू होतं म्हटलं की पुढचं तुमी वळखताच.

चूक तशी तुमचीच आहे. निघताना तुमीच सांगितलं होतं की नव्या गावात गेला की आधी वस्त्या समजून घे, जिथं जाशीन तिथल्या नायकाले रामराम घाल, मग पाणी पी. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी निघालो. हे जुनं गाव टेकडीवर आहे, सारं विटेच्या रंगाचं, आणि गल्ल्या अशा की बंडी घातली तर बैल पुढच्या वळणावर निघतीन आणि बंडी मागच्या वळणावर राहीन. मोकळी जागा म्हणजे मधला चौक, थोही शिंपल्यासारखा खोलगट. त्याच्याभोवती सतरा मोहल्ले. आपल्याकडं मोहल्ल्याले माणसाचं नाहीतर देवाचं नाव राहते, इथं बहुतेक जनावरायचं. सुरवंट आहे, साळिंदर आहे, जिराफसुद्धा आहे (जिराफ या गल्ल्यायत वळला कसा असंल, ते मी अजून इचारून राह्यलो). प्रत्येकाचा झेंडा वेगळा, देऊळ वेगळं, पाण्याचा हौद वेगळा. लेकरू झालं की त्याच हौदाचं पाणी डोक्यावर घालून त्याले मोहल्ल्याचं करून घेतात. कोपऱ्यावर भिंतीले जनावराची लहानशी पाटी, म्हणजे इथून पुढं दुसऱ्याचं शिवार. उन्हाळ्यात दोन खेप त्या चौकात घोड्यायची शर्यत. आपण पोळ्याले बैल देवळापुढं नेतो, हे लोक घोडा देवळाच्या आत नेतात. तोरणाखालून पयला बैल कोणाचा, यावरून आपल्याकडं आठवडाभर अबोला चालते. इथं थो अबोला पणजोबापासून चालू आहे. हे मले आता माहीत आहे. तवा मले वाटलं, सारे जनावरं एकाच गोठ्यातले.

फिरत फिरत कासवाच्या मोहल्ल्यात पोचलो. रस्त्यावर लांबच्या लांब टेबलं लावणं चालू होतं, वर पिवळे-निळे झेंडे. मी म्हटलं पंगत आहे, म्हणजे नायक इथंच असंल. पांढऱ्या मिशीचा, पोटानं भारदस्त असा एक म्हातारा भिंतीले टेकून उभा होता. मी जाऊन सरळ त्याचे पाय धरले. त्यानं आधी खिसा धरला, मग बोंब मारली. मागाहून समजलं, थो जर्मनीहून गाव पाहाले आलता आणि बायको दुकानात गेलती म्हणून उभा होता. खरे कासववाले हसून हसून खुर्च्यायवर बसले. मले लाज वाटली, आणि लाज वाटली की माहे हात कामाले लागतात, हे तुमाले ठाऊक आहे. बाक उचलले, ताटं मांडली, पाणी फिरवलं. वाढल्याबिगर पंगतीत बसाचं नाही, हे या हंसाबाईच्या पोराले कोणी शिकवा लागत नाही. शेवटी एका बाईनं खूश होऊन माह्या गळ्यात पिवळा-निळा रेशमी रुमाल बांधला, मधात कासव. मामा, डोळ्यात पाणी आलं. दुबईत मले कोणी टोपी दिली नव्हती.

आता मानाचं कापड आपल्यात वाटेत उतरवत नाहीत. थे अंगावर ठेवून घरी जायचं, मोठ्या माणसाच्या पाया पडायचं, मग घडी. इथं माहं मोठं माणूस कोण? ब्रुनामावशी. खानावळ तिथून लागूनच, एका पाटीपलीकडं. त्या पाटीवर गोगलगाय होती. रोज मी त्याच पाटीखालून कामाले जात होतो, पण या उतारावर पाटीकडं पाहून चालणारा माणूस खालच्या हौदातच भेटते. तर गोगलगाय आणि कासव हे या गावातले पक्के वैरी. आणि त्या दिवशी गोगलगायवाल्यायचीही पंगत, मावशीच्याच दारापुढं. मी छाती काढून दोन रांगायच्या मधातून नवरदेवासारखा आलो. पयल्या टेबलावरचं बोलणं थांबलं, मग दुसऱ्यावरचं. मले वाटलं, मानानं थांबून राह्यलं. एका म्हाताऱ्याच्या काट्यावरच्या शेवया तोंडापुढं लोंबतच राह्यल्या. मी मावशीच्या पायाशी वाकलो आणि रुमालाचं टोक, कासवासकट, तिच्या रश्श्यात बुडलं. मावशी एकच शब्द बोलली आणि पळी रस्त्याकडं केली. मले इटालियन येत नाही. पळी येते.

झालं. माह्या पायायले लगेच खाज सुटली. मिलानकडं एका पंजाबी दोस्ताचं म्हणणं होतंच की ये, म्हशी सांभाळ. पिशवी भरली, चप्पलही भरली. मग नयन मामीजवळ जे बोललती म्हणे ते आठवलं: "पळाले का, कोणीही पळते. एकदा परत येऊन दाखव म्हणा." चप्पल बाहेर काढली.

आपल्यात तंटा झाला की नायकापुढं बसून, गोड खाऊ घालून मिटवतात. म्हणून सकाळी कणकीचे रोट भाजून, कुस्करून, लोणी-साखर घालून चुरमा केला आणि गोगलगायवाल्यायचा नायक शोधाले लागलो. ज्याले इचारावं थो खानावळीचंच दार दाखवे. मी हातानं सांगो, तिथूनच तर हाकललं. शेवटी शेवयावाल्या म्हाताऱ्यानं दंड धरून आत नेलं. मामा, नायक म्हणजे ब्रुनामावशीच. मी गावभर नायक हुडकत फिरलो, आणि इतके दिवस नायकाच्याच मोरीत कढया घासत होतो.

मग मी मोबाइलले हिंदीत सांगितलं आणि मोबाइलनं तिले इटालियनमध्ये सांगितलं. म्हटलं, आमचे आजे-पणजे बैलायच्या पाठीवर मीठ-धान्य वाहत, घरही तिथंच बांधलेलं, दिवस बुडन तिथं तांडा. मोहल्ल्याची सीमा आमच्या रक्तातच नाही, तवा समजून घ्या. मावशीनं चुरमा तोंडात टाकला, चावला, आणखी टाकला. मग उठून झेंड्यावरच्या गोगलगायीच्या पाठीवर बोट ठेवलं, त्या शंखावर. थेच बोट माह्या पाठीवर ठेवलं. आणि मग मोरीकडं केलं. रात्रीची सारी भांडी माह्यासाठी राखून ठेवली होती.

तर मी टिकून आहे. शर्यतीत आमचा घोडा कितवा आला ते इचारू नका. मोहल्ल्याचं नावच गोगलगाय, घोड्याले तरी काय बोलावं. घरी बापू रामसिंग आणि याडी हंसाबाई, माह्या मायबापायले, माहा रामराम. त्यायले फक्त खुशाली सांगा.

तुमचा भाचा, रश्श्यात बुडून वर आलेला,
जीवन

ता. क. कासवाचा रुमाल मी फेकला नाही. धुऊन ट्रंकेत, खालच्या कपड्यायखाली ठेवला. मानाचं कापड आहे.

ता. क. २ आता कामाचं. दिवाळीनंतर दोघं राहू अशी खोली पाहून राह्यलो. गोगलगायच्या मोहल्ल्यात एकही रिकामी नाही. कासवाच्या मोहल्ल्यात एक आहे, खिडकी मोठी, त्या रुमालवाल्या बाईचीच. म्हणजे भांडे इकडं, झोप तिकडं, आणि मावशीले कळलं तर पुन्हा पळी. हे नेमसिंगबापूले इचारू नका. मामीले घाटंजीच्या बाजारात नयनची गाठ घ्याले सांगा, आणि तिलेच इचारा, चालन काय. नाही म्हणली तरी कळवा. मी इथून हलत नाही.

ता. क. ३ नेमसिंगबापू इचारतीनच, पोराचं घर नेमकं कुठं? सांगा, मोहल्ला अजून ठरला नाही, पण दोन्हीकडचं जनावर घर पाठीवर घेऊनच चालते. पळत मात्र एकही नाही.