हं म्हणजे हो नव्हे

हडपसर, पुणे
९ ऑगस्ट २००४

तीर्थरूप वैजनाथमामांना हेमाचा नमस्कार, नीट खाली वाकून केलेला, फोनवर उरकतात तसला नव्हे.

तुमचा गुडघा कसा आहे? औशाला पाऊस झाला का? इथे होतो, पण पुणेकरांना विचारून होत असावा, कारण एक ते चार पूर्ण बंद असतो. तुमचं पत्र मिळालं. तुमचा सुदर्शन नोकरीला बंगलोरला गेल्यापासून मामी गप्प झाली आहे, कामापुरतं बोलते, दूधवाल्याने पाणी घातलं तरी त्याच्याशी भांडत नाही, हे वाचलं. (पाणी घातलेलं दूध मामीने मुकाट्याने तापवलं, हे मला दोनदा वाचावं लागलं.) पुढे तुम्ही लिहिता की तू आता मनाची डॉक्टर झालीच आहेस, तर एखादी गोळी नाहीतर निदान चार ओळींचा सल्ला उलट टपाली पाठव, आणि हिला यातलं काही कळू देऊ नकोस. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. त्या रेघांविषयी नंतर लिहीन.

मामा, मी डॉक्टर नाही. मी जैनब मॅडमच्या दवाखान्यात मानसशास्त्राची मदतनीस आहे, आणि ते आल्या-गेल्याला आधी सांगावं, असा नियमच आहे. म्हणून मी प्रत्येकाला म्हणते, मी मदतनीस, मॅडमच्या देखरेखीखाली असते. त्यावर गेल्या महिन्यात एका काकूंनी माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं की किती दिवस झाले गं, आता बरं वाटतंय का. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मॅडमनी एक कागद चिकटवला आहे. डावीकडे मी काय करायचं ते: माहितीचे फॉर्म भरून घेणं, चाचणीला घड्याळ लावून बसणं, उत्तरं तक्त्याशी ताडून गुण मांडणं, फाइल जागच्या जागी ठेवणं. उजवीकडे काय करायचं नाही ते, आणि ती बाजू कागद संपला तरी संपत नाही, खाली पुरवणी जोडली आहे. गुणांचा अर्थ सांगायचा नाही. आजाराचं नाव घ्यायचं नाही. सल्ला द्यायचा नाही. नात्यातल्या माणसाला तपासायचं नाही. थोडक्यात, घरी आई मला जे जे करू देत नाही ते सगळं इथेही करायचं नाही, फरक इतकाच की इथे कारण लेखी मिळतं.

आता तुम्ही म्हणाल, घरच्या माणसाला चार शब्द सांगायला कसला नियम? तर जूनमधली गोष्ट ऐका. इथल्या एका कंपनीत संगणकावर काम करणारा एक मुलगा आला. त्याचं नाव सांगायला मनाई आहे, म्हणून आपण त्याला गेनबा म्हणू. (संगणकवाल्यांत गेनबा सापडणार नाही, त्यामुळे हे नाव सुरक्षित आहे. बाकीचे तपशीलही मी अदलून बदलून लिहिते आहे, तेव्हा लातूरच्या बसमध्ये शोध घेऊ नका.) मॅडम स्वारगेटच्या चौकात अडकल्या होत्या आणि फॉर्म भरून घेणं तर माझ्याच बाजूचं काम. नाव, वय, शिक्षण झालं, आणि 'झोप' या रकान्यापाशी गेनबा बोलू लागला. मॅडमनी शिकवलं आहे की समोरचा बोलत असला की मध्ये तोंड घालू नये, पण खांबासारखंही बसू नये, अधूनमधून हं म्हणावं. तेव्हा मी म्हटलं, हं. तो म्हणाला की रात्रपाळीने जीव नकोसा झालाय. मी म्हटलं, हं. म्हणजे सोडूनच द्यावी ही नोकरी? हं. आजच आईला सांगून टाकू? हं. मॅडम आल्या तेव्हा गेनबा निघून गेला होता आणि मी चांगला फॉर्म भरला म्हणून खूश होते.

मामा, तुम्हाला मी वेगळं काय सांगू, आपल्याकडे बैलाचा सौदा हंवर होतो आणि सोयरीकही हंवर जुळते. पण ते माझ्या डोक्यात शिरलं संध्याकाळी, नोंदवहीत सगळं उतरवताना. त्याचे प्रश्न आणि माझे हं आधी कच्च्या कागदावर एकाखाली एक लिहिले, तर प्रत्येक हं सरळ हो सारखा दिसू लागला. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. दोन ओळी गाळल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? आणि देखरेख संपल्याची मॅडमची सही मिळायला एकच महिना उरला होता. पाच मिनिटं पेन तोंडात धरून बसले, मग सगळे हं लिहिले, एकूण अकरा. ते मी प्रामाणिकपणापायी केलं असं समजू नका, मला मॅडमची भीती वाटते.

चौथ्या दिवशी गेनबाची आई आली. मंडईत त्यांचा लिंबांचा गाळा आहे (किंवा नाही), आणि आवाज गाळ्याला शोभणारा. "माझ्या पोराला राजीनामा द्यायला लावणारी हंबाई कोण ती?" असं त्यांनी दारातून विचारलं आणि बाकावरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जैनब मॅडम पुण्यात पाच पिढ्यांपासून असल्याने त्यांना आवाज चढवावा लागत नाही. आपण बसावं, पाणी घ्यावं, आणि चिरंजीवांनाही बोलवावं, एवढंच त्या म्हणाल्या. गेनबा आला आणि म्हणाला की या ताईंनी मला काहीच सांगितलं नाही, दोन वर्षं मी हे कुणापाशी बोललोच नव्हतो, कुणी ऐकतंय म्हटल्यावर माझं मलाच कळलं. तेव्हा त्या माउली एकदम खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "अरे, मला का नाही बोललास? मी काय नुसती लिंबं मोजायला हाय?" पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कारण मॅडमनी मला बाहेर काढलं. गेनबा आता दिवसपाळीत आहे आणि झोपतो, एवढं फाइलवरून दिसतं. (त्याचा अर्थ मी सांगणार नाही.)

मग माझा निकाल. मॅडमनी नोंदवही वाचली आणि म्हणाल्या, लिहिलंत हे बरं केलंत, वाचलात, आता देखरेख तीन महिने वाढवू, आणि हंच्या ऐवजी 'ऐकते आहे' म्हणत जा, तेवढ्याने कोणी राजीनामा देत नाही. जाता जाता असंही म्हणाल्या की ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याशीच बोलावं, आईशीही आणि मुलाशीही, हे कागदावर लिहायचं राहून गेलं. तर मामा, मी सल्ला देणार नाही. मागू नका, मिळणार नाही, आणि रागावलात तरी चालेल.

तुमची,
हेमा
(डॉक्टर नव्हे)

ता.क. एवढं लिहून झाल्यावर कळवायचं राहिलं की गुरुवारी, १९ तारखेला, सकाळी अकराची वेळ मॅडमनी राखून ठेवली आहे. हा सल्ला नाही. वेळ नोंदवणं माझ्या डाव्या बाजूला येतं.

ता.क. दुसरा. मामी, हे आता तुला. मामांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून घरातलं टपाल तूच वाचून दाखवतेस, हे ते माझ्याकडून उलट टपाली उत्तर मागवताना साफ विसरले, आणि मी मुद्दाम आठवण केली नाही. (त्यांचं पत्र शरच्चंद्र गुरुजींच्या अक्षरात आलं, म्हणजे दोन रेघा मारून तुझ्यापासून लपवलेली गोष्ट शाळाभर झालेली असणार.) त्यांच्यावर चिडू नकोस, घाबरलेत ते. खरं तर चिडलीस तर मला आनंदच होईल. तुला काय होतंय हे आम्ही सगळे एकमेकांना विचारत बसलो, तुला कुणीच विचारलं नाही. म्हणून आता विचारते. सुदर्शनशिवाय घर कसं वाटतं? गुरुवारी यायचं आहे का? तुला नको असेल तर तसं लिही, वेळ रद्द करेन आणि कुणाला सांगणार नाही. पण नुसतं हं लिहून पाठवू नकोस.

मला तिथे आत बसायची परवानगी नाही आणि मी बसणारही नाही. म्हणून त्या दिवसाची रजा टाकली आहे. स्वारगेटपर्यंत जाऊ नका, अलीकडे हडपसरच्या गाडीतळालाच उतरा. तिथे मी सकाळी सातपासून तुझी भाची म्हणून उभी असेन.