गोलरेषेवरचा चुना

देवळाली गाव, नाशिक रोड
१४ ऑगस्ट २००६

प्रिय आबा,

शाळेत आम्हाला वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं. मी तसं लिहिलं आणि खोडलं. नऊ वर्षं ज्या माणसाला एक ओळ लिहिली नाही, त्याला कागदावर साष्टांग नमस्कार घालणं मला काही जमेना. 'प्रिय' मात्र खोडवलं नाही, तेव्हा तेवढंच गोड मानून घ्या. हे पत्र उज्ज्वला तुमच्या हातात देईल. ती दर श्रावणात गडावर जाते. मागच्या वर्षी परत येताना वणीच्या स्टँडामागच्या खानावळीत तिनं तुम्हाला भांडी घासताना पाहिलं, हाक मारली, आणि तुम्ही हातातली परात तशीच टाकून आत निघून गेलात. पोरगी चांदवडला सासरी न जाता रडत इकडे आली होती. या वेळी आत जाऊ नका. लेक आहे तुमची, पोलीस नाही. अक्षर मोठं काढलंय, ते तुमचं वय झालं म्हणून असं समजा.

उगाच पत्रभर धाकधूक नको म्हणून काम आधीच सांगतो. येत्या रविवारी तुम्ही घरी यावं, अशी माझी इच्छा आहे. रविवारी आपल्या एकता क्लबची फुटबॉलची प्ले-ऑफ फायनल आहे. पुन्हा तीच, 'ब' गटातून 'अ' गटात कोण जाणार ते ठरवणारी. तुम्ही गेल्यावर काही वर्षं आपण वर टिकलो, मग चांगली पोरं नोकऱ्यांच्या मागे पुण्या-मुंबईला गेली आणि धपकन खाली आलो. या वेळी समोर मनमाड आहे. आपला महेश, तेव्हाचा कॅप्टन, आता कोच झालाय. पोट एवढं सुटलंय की शिट्टी वाजवली तरी त्याला धाप लागते, पण पोरं त्याला टरकून असतात. आणि मैदानावर रेषांची फक्की कोण मारतं माहीत आहे? मी. एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून खुंट्यांना दोरी बांधतो आणि दोरीच्या कडेनं फक्की सोडत जातो. नवीन पोतं उघडलं की आधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघतो. पोरं हसतात, सोमादादा फक्की खातो म्हणतात. हसू देत. महेश हसत नाही.

घरचं म्हणाल तर आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्यापेक्षा जास्त कुरकुरते. मी गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवतो. दिवसभर पांढरा होऊन घरी येतो. पहिले काही महिने आई मला तसा दारात बघून दचकायची आणि तोंडावर पाणी मारायला तांब्या घेऊन धावायची. आता नाही धावत. परसातला तुमचा चुना भिजवायचा हौद तिनं मातीनं भरून टाकला आणि त्यात अळू लावलं. एवढी मोठी पानं येतात की अख्ख्या गल्लीला अळूवड्या पुरतात. लोक म्हणतात, चुन्याच्या हौदात अळू कसं काय येतं भागुबाई? ती म्हणते, "येतंय बापडं, त्याला कोनी सांगितलं नाय तिथं काय व्हतं ते." तुम्हाला शोधायला सुरुवातीला आम्ही विंचूरला गेलो होतो. तिकडे एका गोदामाच्या रंगाचं काम तुम्ही घेतलंय असं कोणीतरी सांगितलं होतं. ते दुसरेच कोणी निघाले. ते तुम्ही नाही म्हटल्यावर आई तिथेच फाटकाशी खाली बसली होती, ते मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसाबद्दल आपण दोघं एक अक्षर बोललेलो नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण ते तुमच्या बाजूनं. गोलीला मैदान वेगळं दिसतं, म्हणून आज माझ्या बाजूनं सांगतो. सत्त्याण्णवचा श्रावण. सकाळच्या सरीनं आदल्या दिवशी मारलेली फक्की वाहून गेली होती, आणि फक्कीचं दुसरं पोतं क्लबकडे नव्हतं. इगतपुरीची रेल्वेवाल्यांची पोरं येऊन कपडे बदलायला लागली होती. जिल्ह्याचे लोक जीपमधून उतरले आणि मैदानावर रेषेचा पत्ता नाही. महेश रडकुंडीला आलेला. तेवढ्यात तुम्ही सायकलच्या कॅरियरवर पोतं बांधून आलात. परसातला कळीचा चुना, हवा लागून भुगा झालेला. हाताला फडकं गुंडाळून तुम्ही एकट्यानं सगळ्या रेषा मारल्यात आणि वर म्हणालात, "फक्की वाहून जाती. चुना धरून ऱ्हातो." आयुष्यभर लोकांच्या भिंती पांढऱ्या केलेल्या माणसाचं काम होतं ते. त्या मैदानानं तेवढी पांढरी, तेवढी सरळ रेष त्याआधी पाहिली नव्हती. जिल्ह्याच्या साहेबांनी तुमच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा मी गोलात उभा राहून कॉलर ताठ करत होतो. माझा बाप आहे तो, असं सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

तुम्ही नेहमीसारखे माझ्या गोलामागे उभे राहिलात. खेळ सुरू झाला की तुमची बडबडही सुरू व्हायची. डावीकडं सरक, पुढं ये, झोपला काय रे. पोरं म्हणायची, सोम्याच्या गोलात दोन गोली आहेत. पूर्वार्धात महेशनं गोल मारला आणि मग इगतपुरीवाल्यांनी आम्हाला अक्षरशः पिळून काढलं. शेवटी शेवटी आमच्याच एकाचा हात लागला आणि पेनल्टी मिळाली त्यांना. त्यांचा तो उंच पोरगा चेंडू ठेवून मागे गेला आणि माझ्या पाठीमागून तुमचा आवाज आला, अगदी हळू, "सोमा, उजवीकडं मारंल तो. मघापासून तिकडंच बघतोय." मी उजवीकडे झेप घेतली. चेंडू छातीशी आला, मी तो दोन्ही हातांनी कवटाळला आणि तोंडावर पडलो, रेषेवर. ती पेनल्टी अर्धी तुम्ही अडवलीत आबा. कोणी कधी म्हटलं नाही, म्हणून मी म्हणतो. आपण वर गेलो ते त्यामुळे.

मग शिट्टी झाली आणि पोरं धावत आली. डाव्या डोळ्यात कोणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं होतं आणि मी बोंबलत होतो. सगळ्यांना वाटलं, आनंदानं ओरडतोय. मला खांद्यावर घेऊन नाचले. ढोल वाजायला लागला. मी महेशचे केस धरून ओढले, तेव्हा कुठे त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला खाली निजवलं. कोणीतरी पाण्यानं भरलेली बादली आणली. आणि तुम्ही धावत येऊन आडवे आलात. "पानी नका टाकू रे! चुना हाय तो, उकळंल! पोराचा डोळा शिजंल!" त्या गर्दीत तुमच्याएवढा चुना कोणाला कळत होता? हौदात पाणी सोडलं की चुना कसा खदखदतो, ते आम्ही पोरंही लांबून पाहायचो. जवळ गेलो की तुम्ही काठी घेऊन मागे लागायचात. सगळे थांबले. बादली माझ्या डोक्याशी ठेवलेली होती. कोणाचा तरी पाय लागला की त्यातलं पाणी हिंदकळायचं, ते मला ऐकू येत होतं. तुम्ही कोणाच्या तरी घरून खोबरेल मागवलंत. उपरण्याच्या टोकानं पुसत राहिलात, तेल घालत राहिलात, पुन्हा पुसत राहिलात. मग रिक्षा मिळाली.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले नाहीत, तेच वाईट झालं. ओरडले असते तर तुम्ही कदाचित भांडला असतात. त्यांनी साधं विचारलं, लगेच पाणी का नाही मारलं? आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, नळाखाली डोकं धरलं असतं तरी डोळा बराचसा राहिला असता. तुम्ही दाराशी उभे होतात, माझी जर्सी हातात घेऊन. मी उजव्या डोळ्याच्या फटीतून पाहत होतो. तुम्ही ती चिखलानं भरलेली जर्सी नीट घडी करून स्टुलावर ठेवलीत आणि बाहेर गेलात. ज्या दिवशी पट्टी निघाली, त्या दिवशी तुम्ही आला नाहीत. मी उरलेल्या डोळ्यानं आधी तुम्हाला शोधलं. आई म्हणाली कामाला गेलेत. चार दिवस ती तेच म्हणत होती.

लोकांना वाटतं, मी डोळ्यासाठी तुमच्यावर राग धरला. धरला नाही असं कसं म्हणू, धरला होता. 'अ' गटातली पहिली मॅच मी बाहेर खुर्चीवर बसून पाहिली. माझ्या गोलात दुसराच पोरगा उभा होता आणि गोलामागे कोणीच नव्हतं. त्या दिवशी तुमच्या नावानं जे जे मनात आलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण डोळ्याचा राग फार दिवस पुरला नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही पाणी टाकू दिलं नसतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मलाही तेच माहीत होतं, कारण ते तुम्हीच शिकवलं होतं. जो राग राहिला आणि अजून आहे, तो दुसरा आहे. तुम्ही उठून गेलात त्याचा. डोळा माझा गेला आणि तोंड तुम्ही लपवलंत. आई दोघांचं ओझं घेऊन बसली. नऊ वर्षं ती कुंकू लावते आणि बायका तिच्या कपाळाकडे बघून एकमेकींना खुणावतात. तुम्ही स्वतःला शिक्षा करून घेतलीत म्हणे. आम्हाला कशाची केलीत, ते एकदा येऊन सांगा.

झालं, बोलायचं ते बोललो. आता हे पत्र आजच का, ते सांगतो. अक्षर मोठं आहे ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. उरलेल्या डोळ्यात काचबिंदू आहे. त्या चुन्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर तुम्ही हेही आपल्याच डोक्यावर घ्याल. कळायला उशीर झाला. कडेचं दिसणं केव्हाच बंद झालंय. गोलात उभं राहावं आणि दोन्ही खांब आत आत सरकत यावेत, तसं चाललंय. थेंब घालतो, पण गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं फार दिवस राहील असं कोणी म्हणत नाही. मी आंधळा होणार आहे, आबा. आईला अजून सांगितलेलं नाही. तुमचा चेहरा आठवायला गेलो की मला एकच आठवतो, माझ्यावर वाकलेला, तेलाची वाटी धरलेला. त्याच्या आधीचा तुमचा कुठलाच चेहरा मला आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. पुढच्या सगळ्या अंधारात मला तेवढाच एक घेऊन बसायचं नाही. तेव्हा रविवारी या. रेषा मी मारीन. माझ्याशी बोलायलाही नको. गोलामागे तुमच्या जागेवर नुसते उभे राहा. मी जवळ येईन आणि तुमच्याकडे नीट बघून घेईन. मग परत जायचं असेल तर जा.

तुमचाच,
सोमा