मच्छरदाणीपलीकडचा दिवा

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७

प्रिय दिगंबरराव,

एकतीस वर्षांत तुम्हाला नावानं हाक मारली नाही. पण कागदावर नुसतं 'अहो' लिहून पाहिलं, ते फारच पोरकं दिसलं. म्हणून नाव लिहिलं आहे, रागावू नका. परवा तुमचा फोन आला, की याही शनिवारी जमत नाही, ऑफिसात तपासणी आहे. हा पाचवा शनिवार. मग तुम्ही श्रीनूच्या औषधांच्या वेळा विचारल्यात, नळीतून पेज पातळच द्या म्हणून बजावलंत आणि गाडीला उशीर होतोय म्हणून फोन ठेवलात. विजयवाड्यात बसून असं उंटावरून शेळ्या हाकणं तुम्हाला छान जमतं. मला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्याच्या शेवटी श्रीनूच्या छातीत पुन्हा कफ झाला होता. आठ दिवस ऑक्सिजन लावावा लागला. तुम्हाला 'जरा सर्दी आहे' एवढंच सांगितलं, कारण आणखी एक 'जमत नाही' ऐकायची माझी तयारी नव्हती. आता उतार आहे. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की दर खेपेला त्याची ताकद कमी होते आहे, पुढच्या खेपेची खात्री देता येणार नाही. ज्यांना भेटायचं असेल त्यांना आत्ताच बोलवा, असं ते म्हणाले. सव्वीस वर्षांच्या मुलाबद्दल हे ऐकून मी बाहेर आले आणि दिवसभर श्रीनूचं बघणाऱ्या सत्यवतीला चहा टाकायला सांगितला. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

आता दुसरी बातमी. मी हेलिकॉप्टर उडवायला शिकले. हसू नका. तेच ते, श्रीनूनं अपघाताच्या महिनाभर आधी आणलेलं, वीतभर वर गेलं की तोंडावर आपटणारं. नंतर तुम्ही चार संध्याकाळी गच्चीवर त्याच्याशी झुंजलात, पाती मोडलीत आणि खोकं सुतळीनं आवळून कपाटावर टाकलंत. त्यानंतर त्या खोक्याला कुणी हात लावला नव्हता, असं मी धरून चालले होते.

गेल्या जूनमध्ये तुमचं ऑफिस तिकडे हललं, त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी वीज गेली होती. ती आली आणि पंखा हळूहळू फिरू लागला, तेव्हा श्रीनूचे डोळे पात्याबरोबर फिरले. अर्धाच वेढा. मग पंख्यानं वेग घेतला आणि नजर पुन्हा विझली. सत्यवती माझा दंड धरून म्हणाली, चूस्तुन्नाडम्मा, बघतोय तो. डॉक्टर म्हणाले, असं आपोआपही होतं, आशा धरू नका. मी आशा धरली नाही, पण हलणारं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढे धरायचं ठरवलं. खेळण्यातली माकडं, फुगे, चमचे सगळं करून पाहिलं. शेवटी कपाटावरचं खोकं आठवलं.

शिकवायला हिम्मतराव भेटले. रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होते, आता निवृत्त आहेत. तारनाक्याच्या मैदानावर सकाळी सातला त्यांची विमानं उडतात. तिथली सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. बावन्न वर्षांची बाई, हातात भाजीची पिशवी आणि पिशवीत हेलिकॉप्टर. हिम्मतरावांनी त्याच्या पायांखाली दोन काड्या फुलीसारख्या बांधल्या, चार टोकांना टेबलटेनिसचे चेंडू लावले, म्हणजे ते कलंडणार नाही. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला ते वर उचलूच दिलं नाही. शेपूट आपल्याकडे ठेवायची आणि नुसतं जमिनीवरून घसरू द्यायचं. मी घाबरून रिमोटची स्टिक दाबली की ते म्हणायचे, 'हल्लू, वैनी, हल्लू. अंगठा ठेवायचा नुसता, दाबायचं नक्को.'

तुमच्या हातून ते का आपटायचं ते मला तिथे कळलं. तुम्ही भिऊन ते जमिनीलगत ठेवायचात. तिथे ते स्वतःच्याच वाऱ्यानं डगमगतं. धीर करून गुडघ्याएवढं वर नेलं की शांत होतं. आणि एकदा वर नेलं की सोडून चालत नाही. ते एका जागी उभं दिसतं ना, ते उभं नसतं, क्षणाक्षणाला कुठेतरी निसटायला बघत असतं. कल दिसल्यावर सावरायला गेलं तर उशीर झालेला असतो. हिम्मतराव म्हणतात, पुढे पळवणं सोपं आहे, वैनी, एका जागी थांबवणंच अवघड. मी त्यांना म्हटलं, ते मला शिकवू नका, ते मी घरी रोज करते. ते बिचारे बॅटरी बदलायला वळले. नंतर मला वाईट वाटलं, त्यांचा काय दोष.

दिवाळीपर्यंत मला शेपूट आपल्याकडे ठेवून बॅटरीभर, म्हणजे सहा-सात मिनिटं, थांबवता येऊ लागलं. पण दिवा नाकावर आहे, छोटा निळा. श्रीनूला तो दिसायचा तर नाक त्याच्याकडे हवं, आणि मी तर त्याच्या उशाशी उभी राहणार. नाक आपल्याकडे वळलं की डावं ते उजवं होतं आणि उजवं ते डावं. डोकं ते मानतं, अंगठे मानत नाहीत. त्या नादात किती पाती मोडली ते विचारू नका, दुकानदार मला लांबूनच ओळखू लागला. खोलीत पाती लागू नयेत म्हणून श्रीनूच्या पलंगाला मच्छरदाणी लावून गादीखाली चारी बाजूंनी खोचली. माझ्या कपाळाला मात्र एकदा लागलं, दोन टाके पडले. संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, कपाटाचं दार लागलं. तुम्ही मानलंत आणि दुपारच्याच गाडीनं परत गेलात. श्रीनूच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंतच गेला होतात.

गेल्या रविवारी ते झालं. मच्छरदाणीपलीकडे, त्याच्या पायांशी, छातीएवढ्या उंचीवर ते थांबलं, दिवा त्याच्याकडे. श्रीनूचे डोळे आधी पंख्यावर होते, मग खाली आले. मी हेलिकॉप्टर हातभर उजवीकडे नेलं, डोळे उजवीकडे गेले. डावीकडे आणलं, डावीकडे आले. बॅटरी संपेस्तोवर तो बघत होता. ते खाली उतरलं तरी त्याची नजर त्या रिकाम्या जागेवरून हलली नाही. सत्यवती देवापुढे जाऊन बसली. मी बसले नाही, देवाशी माझं अजून बरंच बोलायचं राहिलं आहे. त्यानंतर रोज सकाळी आम्ही सात मिनिटं हे करतो. त्यानं यापेक्षा जास्त काही केलेलं नाही, करील असं डॉक्टरही म्हणत नाहीत.

त्या ऑगस्टबद्दल आपण कधी बोललो नाही. ऑफिसात विसरलेला चष्मा आणायला तुम्ही त्याला पाठवलंत, पाऊस होता, गाडी घसरली. मी तुम्हाला एका शब्दानं बोलले नाही. लोकांनी माझं कौतुक केलं, किती समजूतदार बाई म्हणून. आता वाटतं, एकदा कडकडून भांडायला हवं होतं, म्हणजे तुमचं ओझं थोडं तरी उतरलं असतं. तो शुद्धीवर येतोय म्हणून तुम्ही त्याच्यापुढे वाकलात आणि त्याची नजर तुमच्या चेहऱ्यावरून तशीच पुढे छताकडे गेली, ते मी बघत होते. तेव्हापासून तुम्ही त्याच्या समोर उभे राहिला नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. राज्याची वाटणी होऊन हैदराबाद आंध्रातून वेगळं झालं, तेव्हा तुम्हा सरकारी नोकरांना कुठलं राज्य हवं ते लिहून द्यायचं होतं. तुमचा चौथी ते दहावीचा शाळेचा दाखला मी स्वतः तीन खेपा घालून आणला, तुम्ही इथलेच हे सिद्ध व्हावं म्हणून. मूल अंथरुणाला असेल तर त्याच शहरात ठेवतात असं कळलं, म्हणून श्रीनूला खुर्चीत बांधून दोन जिने उतरवलं आणि अपंगत्वाचा दाखला काढला. त्या रांगेत त्याचे कपडे खराब झाले, मी सगळ्यांदेखत बदलले. मग तुम्ही सांगितलंत, ऑर्डर आली, आंध्रात टाकलं, इलाज नाही. मी तुमच्या वतीनं जगाशी भांडत होते. पुढे व्हीलचेअरच्या अर्जासाठी तो दाखला हवा झाला, तर सगळं घर उलथंपालथं केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जूनमध्ये सुतळी सोडली आणि हेलिकॉप्टरखालच्या थर्माकोलच्या तळाशी तुम्ही कधी दिलेच नव्हते ते दोन्ही दाखले निघाले. सोबत तुमच्या फॉर्मची प्रत होती, तुमच्या सुंदर अक्षरात आंध्र लिहिलेली. तिकडे निवृत्ती अठ्ठावन्नऐवजी साठला, दोन वर्षं नोकरी जास्त, एवढं जरी सांगितलं असतंत तरी मी मानलं असतं. आठ महिने मी ते मनात ठेवून तुमच्या ताटात गरम पोळ्या वाढल्या. तिन्ही कागद या पाकिटात घातले आहेत. आता तुमच्याजवळच ठेवा, ते खोकं आम्हाला रोज उघडावं लागतं. हिशेब मागायला लिहीत नाही, तेवढा वेळ श्रीनूकडे नाही. या शनिवारी या. तपासणी असली तरी या. सकाळी मी रिमोट धरीन आणि तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी, दिव्याच्या मागे उभे राहा. तो तुमच्याकडे बघणार नाही, दिव्याकडे बघेल. तेवढं तुम्हाला सोसेल. सात मिनिटंच असतात.

तुमचीच,
कुसुम